श्रीस्थानकाचे शिलाहार : वंशावळीची वाचनपद्धती

उत्तर कोकणावर सुमारे साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचा वंशवृक्ष इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून छापलेला आढळतो. पहिल्या कपर्दीपासून सोमेश्वरापर्यंत सुमारे वीस नावे त्यात असतात आणि एका नावाखाली दुसरे नाव सरळ रेषेने जोडलेले असते. या रेषा सर्वत्र सारख्याच जाडीच्या असल्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की, सर्व नावांमागचा पुरावाही सारख्याच बळाचा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. काही नावे त्या त्या राजाच्या हयातीतील लेखांतून आलेली आहेत, काही केवळ वंशजांच्या सांगण्यावरून आलेली आहेत, तर काही दोन नावांमधील संबंध अभ्यासकांनी कालानुक्रमावरून अनुमानिलेले आहेत. या भेदाकडे दुर्लक्ष केल्यास राजकीय इतिहासाचे नुकसान होतेच. परंतु मराठी भाषेचे वय ठरविण्याच्या प्रश्नातही घोटाळा होतो. प्रस्तुत लेखात या घराण्याच्या वंशावळीचा तिच्या भाषेच्या अंगाने विचार केला आहे.

१

शिलाहारांच्या तीन शाखा प्रसिद्ध आहेत : उत्तर कोकणची, दक्षिण कोकणची आणि कोल्हापूरची. उत्तर कोकणच्या शाखेची सत्ता ‘पुरीप्रमुख चौदाशे गावां’वर होती, असे तिचे लेख सांगतात. ही पुरी कोणती याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे हे या राजांचे महत्त्वाचे ठिकाण होते याविषयी शंका नाही. ठाणे, कल्याण, अंबरनाथ, भिवंडीजवळचे लोनाड आणि साष्टी बेट हा या घराण्याच्या लेखांचा मुख्य प्रदेश होय.

घराण्याचा सर्वांत जुना पुरावा कान्हेरीच्या लेण्यांत आहे. शके ७६५ (इ. स. ८४३-४४) च्या लेखात पुल्लशक्ती आणि शके ७७५ (इ. स. ८५३-५४) च्या लेखात दुसरा कपर्दी यांचा निर्देश येतो. दोघेही राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे महासामंत आहेत. शके ७७५ च्या लेखात गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्षुसंघाला शंभर द्रम्म दिल्याची नोंद आहे. लेखात आधी सम्राट, मग सामंत, मग दाता असा क्रम आहे. येथे कोणा पौराणिक पूर्वजाचा उल्लेख नाही आणि कुळाच्या उत्पत्तीची कथाही नाही. सामंताला आपली ओळख सांगण्यास सम्राटाचे नाव पुरेसे होते.

यापुढील दीडशे वर्षांत चित्र पालटले. भिवंडीजवळच्या भादाणे गावासंबंधीचा अपराजित राजाचा ताम्रपट शके ९१९ (इ. स. ९९७) चा आहे. लवणेतट म्हणजे लोनाड येथील लोणादित्य देवासाठी हे गाव दिल्याचे त्यात नमूद आहे. चालुक्य तैलपाने शेवटचा राष्ट्रकूट राजा कक्कल याचा पाडाव करून तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. तरीही हा ताम्रपट राष्ट्रकूटांची संपूर्ण वंशावळ देतो आणि त्या कुळाच्या अस्ताविषयी हळहळ व्यक्त करतो. आधी स्वामिवंश आणि मग स्ववंश, असा त्याचा क्रम आहे. विजेत्या तैलपाला अधिपती म्हणून मान्यता देण्यास अपराजित तयार नव्हता. नष्ट झालेल्या स्वामीचे नाव घेणे म्हणजे नव्या स्वामीचे नाव न घेण्याची एक सभ्य रीत होती.

त्यानंतर अवघ्या वीस वर्षांनी, शके ९३९ (इ. स. १०१७) मध्ये, अरिकेसरीने दिलेल्या ठाण्याच्या ताम्रपटात राष्ट्रकूट वंशावळ नाही. मंगलाचरण संपताच विद्याधर जीमूतवाहन येतो आणि त्याच्यापासून कपर्दी इत्यादी राजांची परंपरा उलगडत जाते. हा ताम्रपट अठराव्या शतकात ठाण्यात खोदकाम करताना सापडला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ मधील पहिल्याच खंडात छापले गेले. भारतीय ताम्रपटांपैकी अगदी आरंभी छापले गेलेल्यांत त्याची गणना होते. म्हणजे कोकणातील एका राजकुळाची वंशावळ युरोपीय अभ्यासकांपुढे आली ती तिच्या भरभराटीच्या अवस्थेत. कान्हेरीच्या लेखांतील तिचे मितभाषी रूप पुढे उजेडात आले.

२

जीमूतवाहनाची कथा श्रीहर्षाच्या ‘नागानन्द’ नाटकामुळे सर्वपरिचित आहे. शंखचूड नागाऐवजी तो स्वतः वध्यशिलेवर गरुडाचा आहार होण्यास सिद्ध झाला. शिलेवरचा आहार म्हणून ‘शिलाहार’, अशी कुलनामाची व्युत्पत्ती या कथेशी जोडली गेली. सुवर्णगरुडध्वज हे घराण्याचे चिन्हही याच कथेशी जुळते. परंतु लेखांतून नावाची जी रूपे मिळतात त्यांत ‘सिलार’, ‘शिलार’ अशी हकाररहित रूपे आहेत. दक्षिण कोकणच्या रट्टराजाच्या शके ९३० (इ. स. १००८) च्या खारेपाटण ताम्रपटातही कुलनाम अशाच रूपात येते. एकाच कुळाचे नाव लेखनिक निरनिराळ्या प्रकारे लिहितात तेव्हा मूळ नाव देशी असून त्याला संस्कृत पेहराव चढविण्याचे प्रयत्न चालू आहेत, असे अनुमान करण्यास जागा राहते. कथेवरून नाव पडले नसून नावावरून कथा शोधली गेली असावी.

येथे भाषाशास्त्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. कुंभकारापासून कुंभार, लोहकारापासून लोहार, सुवर्णकारापासून सोनार ही परिवर्तने नियमित आहेत. त्याच न्यायाने ‘शिलाकार’ शब्दापासून ‘सिलार’ सिद्ध करून दाखविता येईल. परंतु तसा शब्द या कुळासंबंधी एकाही लेखात नाही. ध्वनिनियम एखादी गोष्ट शक्य आहे एवढेच सांगतात; ती घडली हे सांगण्यासाठी लेखच लागतो. आजच्या ‘शेलार’ आडनावाविषयी हेच म्हणता येईल. ‘सिलार’ आणि ‘शेलार’ यांचे ध्वनिसाम्य उघड आहे. परंतु तेराव्या शतकातील राजकुळापासून आजच्या कुटुंबांपर्यंत रक्तसंबंधाची साखळी जोडण्यास केवळ ध्वनिसाम्य पुरेसे होत नाही.

‘तगरपुरवराधीश्वर’ या बिरुदाची गतही अशीच आहे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणबरोबर या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांची तगरावर सत्ता असल्याचा पुरावा नाही; तरी ते स्वतःला तगराचे अधिपती म्हणवीत राहिले. सोडलेल्या गावाचे नाव कुळाने मिरवावे हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. नॉर्मंडीतील मॉर्तमेर येथील किल्ला इ. स. १०५४ च्या लढाईनंतर मूळ मालकाकडून काढून घेण्यात आला व वारेन घराण्याकडे गेला. तरीही मालकाचे वंशज इंग्लंडमध्ये ‘मॉर्टिमर’ म्हणूनच ओळखले गेले. पुढे याच मॉर्टिमर घराण्याने आपली वंशपरंपरा ब्रिटनचा पौराणिक संस्थापक ब्रूटस याच्यापर्यंत नेऊन भिडविली. गमावलेले गाव आणि मिळविलेला पूर्वज या दोहोंवर कुळाची प्रतिष्ठा उभी राहते, हे दोन्ही देशांत सारखेच दिसते. भेद आहे तो साधनांचा. नॉर्मन घराण्यांची पडताळणी मठांच्या बखरी, दानपत्रे आणि करनोंदी यांवरून करता येते. शिलाहारांच्या बाबतीत साक्षीदार बहुधा एकच असतो, आणि तो त्यांच्याच पदरचा असतो.

३

बाहेरचा साक्षीदार क्वचित मिळतो. अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ (इ. स. ९१६) मध्ये चौल येथे आला. तेथील राजाचे त्याने दिलेले नाव वंशावळीतील झंझ राजाशी जुळते. झंझाने आपल्या नावाने बारा शिवालये बांधली असे वंशजांचे ताम्रपट सांगतात. मंदिरांविषयीचे विधान वंशजांचे आहे. परंतु झंझाचे अस्तित्व आणि काळ यांना परदेशी पाहुण्याचा दुजोरा आहे.

याच्या उलट उदाहरण छद्वैदेवाचे होय. पहिल्या वज्जडाचा हा भाऊ. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातील त्याचा स्वतःचा ताम्रपट उपलब्ध आहे. म्हणजे त्याने सत्ता चालविली होती. तथापि पुढील वंशावळींत त्याचे नाव नाही. वज्जडानंतर थेट त्याचा पुत्र अपराजित येतो. छद्वैदेवाने पुतण्याचा अधिकार बळकावला म्हणून त्याचे नाव गाळले गेले असावे, असा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, वंशावळीतून जिवंत माणूस वगळता येत होता एवढे यावरून सिद्ध होते. हा एक ताम्रपट सापडला नसता तर त्या ठिकाणी काही गहाळ आहे अशी शंकाही कोणास आली नसती.

भाऊबंदकीची हीच गोष्ट अकराव्या शतकात अधिक उघड झाली. दुसऱ्या वज्जडानंतर त्याचा भाऊ अरिकेसरी गादीवर आला. त्याच्याच काळात माळव्याच्या भोजाने कोकणावर स्वारी केली. भोजाच्या १०२० मधील ताम्रपटांत कोकणविजयाच्या पर्वाचा उल्लेख आहे. अरिकेसरीमागून वज्जडाचे तीन पुत्र, छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि, एकामागून एक राजे झाले. छित्तराजाचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा भांडुप ताम्रपट प्रसिद्ध आहे. या तिघांच्या आश्रयास राहिलेल्या लाट देशच्या सोड्ढल कवीने ‘उदयसुन्दरीकथा’ लिहिली. मुम्मुणीच्या काळचा शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. तेथे राजाचे नाव ‘माम्वाणि’ असे येते. ‘मुम्मुणि’ व ‘माम्वाणि’ ही एकाच देशी नावाची दोन लेखनरूपे आहेत, हे ओळखल्यावाचून वंशावळ लागत नाही. या लेखातील वर्ष आरंभी ७८२ असे वाचले गेले होते. पहिल्या अंकाच्या एका चुकीने मंदिर दोनशे वर्षे मागे गेले होते, आणि राजाला वंशावळीत जागाच उरली नव्हती. येथे राजक्रमाने अंकवाचनास पुष्टी दिली आणि अंकवाचनाने राजक्रमास.

नागार्जुनाचा पुत्र अनंतदेव याचा शके १०१६ (इ. स. १०९४-९५) चा खारेपाटण ताम्रपट या काळाकडे मागे वळून पाहतो. दायादांच्या वैरामुळे ओढवलेल्या संकटात शत्रूंनी कोकण उद्ध्वस्त केले आणि अनंतदेवाने त्यांना समुद्रात लोटले, असे त्यात म्हटले आहे. याच पटाने आपल्या दोन अमात्य बंधूंच्या नौकांना स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुल्य या बंदरांत जकात माफ केली. यांतील नागपूर हे कोकणातील बंदर होय, विदर्भातील नव्हे. भाऊबंदांच्या वैराची अशी स्पष्ट कबुली राजकीय प्रशस्तीत विरळाच आढळते. ती देता आली याचे कारण असे की, कबुली देणारा विजयी झाला होता.

अनंतदेवानंतर अपरादित्य आला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ टीका जीमूतवाहनवंशीय शिलाहार अपरादित्याच्या नावावर आहे आणि तो हाच पहिला अपरादित्य होय, असे बहुतेक विद्वान मानतात. याने काश्मीरच्या विद्वत्सभेत तेजकंठ नावाचा दूत पाठविल्याचे मंखाच्या ‘श्रीकण्ठचरित’ काव्यावरून कळते. पुढे या टीकेला काश्मीरमध्ये मान्यता लाभली, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. ज्या कुळाचे राज्य दायादांच्या वैराने धोक्यात आले होते, त्याच कुळातील राजाच्या नावे दायविभागाचा साक्षेपाने विचार करणारा ग्रंथ असावा, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा नाही. अपरादित्याचा पुत्र विक्रमादित्य दक्षिण कोकणात प्रणालक येथे अधिकारावर असल्याचे शके १०६१ (इ. स. ११३९) च्या पन्हाळे ताम्रपटावरून दिसते.

४

येथून पुढे साधनांचे स्वरूप पालटते, आणि वंशवृक्षाच्या रेषा खरोखर येथेच पातळ होतात. हरिपाल, मल्लिकार्जुन, दुसरा अपरादित्य, दुसरा केशिदेव, अनंतदेव, सोमेश्वर ही नावे मुख्यतः शिलालेखांतून येतात. शिलालेखात वर्ष, राजाची बिरुदे, अधिकाऱ्यांची नावे आणि दान असते. वंशावळ बहुधा नसते. हरिपाल व मल्लिकार्जुन यांचे पूर्वीच्या राजांशी नाते काय होते हे लेख सांगत नाहीत. केशिदेव हा अपरार्काचा पुत्र होता असे लोनाडजवळील चौधरपाड्याच्या शके ११६१ च्या लेखावरून कळते. परंतु अशी स्पष्टता अपवादात्मक आहे. येथे राजांचा क्रम मिळतो, वंश मिळत नाही.

मल्लिकार्जुनाच्या मृत्यूची कथा तर दोन परस्परविरुद्ध रूपांत आली आहे. मेरुतुंगाच्या ‘प्रबन्धचिन्तामणि’ (इ. स. १३०५) या ग्रंथानुसार, मल्लिकार्जुनाचे ‘राजपितामह’ हे बिरुद भाटाच्या तोंडून ऐकून गुजरातचा कुमारपाल संतापला आणि त्याचा सेनानी आंबड याने कोकणाधिपतीचा शिरच्छेद केला. ‘पृथ्वीराजविजय’ काव्य हाच पराक्रम चाहमान सोमेश्वराच्या नावावर जमा करते. प्रत्येक दरबाराने आपल्या माणसाला श्रेय दिले आहे. शिलाहारांचे लेख मात्र या प्रसंगी मौन पाळतात.

दुसऱ्या अपरादित्याच्या काळात सत्ता पुन्हा सावरली. याच काळात एक लक्षणीय भाषिक घटना दिसते. त्याच्या ११८७ मधील परळच्या शिलालेखाचा आरंभ संस्कृतात आहे, परंतु दानाचा भंग करणाऱ्यासाठीचा शाप मराठीत आहे. पूर्वजांची नावे संस्कृतात आणि शाप मराठीत, अशी ही वाटणी सहेतुक आहे. प्रशस्ती समकालीन आणि भावी राजांसाठी असते. शाप हा शेतावर अतिक्रमण करू शकणाऱ्या शेजाऱ्यासाठी असतो, आणि तो त्याला समजलाच पाहिजे.

५

या पार्श्वभूमीवर अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेखाचा प्रश्न तपासला पाहिजे. हा लेख मराठी असून त्यात केशिदेवराय याचा उल्लेख आहे. त्यातील वर्ष काही अभ्यासकांनी शके ९३४ (इ. स. १०१२) असे वाचले आहे, शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथात तेच वाचन स्वीकारले. दुसरे वाचन शके ११३२ (इ. स. १२१०) असे आहे. पहिले वाचन स्वीकारल्यास हा केशिदेव म्हणजे ठाणे ताम्रपटातील अरिकेसरी. दुसरे स्वीकारल्यास दुसऱ्या अपरादित्याचा पुत्र केशिदेव. ‘अरिकेसरी’ हे नाव लेखांत ‘केशिदेव’ असेही येत असल्यामुळे केवळ नावावरून निर्णय होत नाही.

या निर्णयाचे परिणाम घराण्यापुरते मर्यादित नाहीत. शके ९३४ ग्राह्य धरल्यास आक्षीचा लेख सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० च्या मराठी लेखापेक्षा सहा वर्षांनी जुना ठरतो आणि मराठीच्या कालनिर्दिष्ट लेखांत अग्रस्थान मिळवितो. शके ११३२ ग्राह्य धरल्यास तो जवळजवळ दोनशे वर्षे पुढे सरकतो.

या प्रश्नाचा निकाल केवळ अंकांवर लावण्याऐवजी बिरुदांची साक्षही घेतली पाहिजे. आक्षीच्या लेखात राजाला ‘पश्चिमसमुद्राधिपती’ आणि ‘कोंकणचक्रवर्ती’ म्हटले आहे. ठाण्याच्या १०१७ च्या ताम्रपटात अरिकेसरी हा महामंडलेश्वर आहे. चक्रवर्तिपदाची भाषा या घराण्यात उत्तरकालीन लेखांत रूढ होते. शिवाय परळच्या लेखात दिसणारी मराठीची वाटचाल ध्यानात घेता, १२१० च्या सुमाराचा मराठी लेख या मालिकेत सहज बसतो. या दोन गोष्टींमुळे तराजू दुसऱ्या वाचनाकडे झुकतो. तथापि बिरुदांचा पुरावा हा पूरक पुरावा आहे. शिळेवरील झिजलेल्या अंकांचे काम तो करू शकत नाही. आपल्या भाषेचा आरंभ शक्य तितका मागे नेण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु जीमूतवाहनाला मूळपुरुष करणाऱ्या प्रशस्तिकाराचीही इच्छा याच जातीची होती, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

६

घराण्याचा शेवट समुद्रावर झाला. सोमेश्वराचे उरण भागातील लेख शके ११८१ आणि ११८२ (इ. स. १२५९ व १२६०) चे आहेत. त्यानंतर काही वर्षांतच देवगिरीच्या महादेव यादवाने कोकण जिंकले. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणे पत्करले, असे हेमाद्रीची प्रशस्ती सांगते. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. त्याचा संबंध काहींनी या प्रसंगाशी जोडला आहे, परंतु ते अनुमान आहे. पश्चिमसमुद्राधिपती म्हणविणाऱ्या कुळाच्या अखेरच्या राजाची कथा शत्रूच्या मंत्र्याने लिहिली. १२७२ मध्ये यादवांचा अधिकारी ठाण्याहून कारभार पाहत होता.

कुळ संपले, त्याच्या लेखांतील शब्द लोकांच्या तोंडी घडत राहिले. स्थानकाचे ठाणे झाले, शूर्पारकाचे सोपारे, चेमुल्याचे चौल, लवणेतटाचे लोनाड, कृष्णगिरीचे कान्हेरी, आणि षट्षष्टीचे सासष्टी व साष्टी. मूळ पुरुष कपर्दी याच्या नावावरून पडलेले मानले जाणारे ‘कपर्दिकद्वीप’ कदंबांच्या लेखांत ‘कवडीद्वीप’ होऊन बसले. राजाचे नाव लोकांच्या तोंडी कवडीत मिसळून गेले. यांपैकी कोणताही बदल राजाज्ञेने झाला नाही, म्हणूनच त्यांची साक्ष प्रशस्तीच्या साक्षीहून निराळ्या प्रकारची आहे.

यावरून एक व्यावहारिक सूचना निष्पन्न होते. शिलाहारांचा वंशवृक्ष यापुढे काढताना तीन प्रकारच्या रेषा वापराव्यात. समकालीन लेखात नाते सांगितले असेल तेथे सलग रेषा, केवळ वंशजांच्या कथनावरून कळत असेल तेथे तुटक रेषा, आणि कालानुक्रमावरून अनुमानिले असेल तेथे नुसते ठिपके. छद्वैदेवाला त्याची जागा द्यावी आणि जीमूतवाहनाला आकृतीबाहेर ठेवावे. असा वृक्ष दिसायला कमी भरदार होईल. परंतु त्यावरून एखाद्या मराठी लेखाचे वय ठरविताना आपण कोणत्या फांदीवर भार टाकीत आहोत, हे विद्यार्थ्याला प्रथमदर्शनीच कळेल.